माणूस दवाखान्यात परत यावा म्हणून: स्वयंसेवकांचे अनुभव

देणगीवर चालणाऱ्या एका दवाखान्यात स्वयंसेवकांची जुळवाजुळव मी बघते. शिबिराला गर्दी होते, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, कागद हातात पडतो आणि त्यातले कितीतरी जण पुन्हा दिसतच नाहीत. माझ्या मते खरा उपचार सुरू होतो तो माणूस दुसऱ्यांदा येतो तेव्हा. म्हणून हा धागा. धर्मादाय दवाखान्यात, शिबिरात किंवा घरभेटींमध्ये तुम्ही काम केलं असेल, तर माणूस परत यावा यासाठी काय उपयोगी पडलं ते लिहा. काम कितीही लहान असो. रुग्णाचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र नको.

नोंदणीच्या टेबलावरून

नोकरीची सगळी वर्षं फॉर्म भरून घेण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर हेच काम वाट्याला आलं आणि मला ते आवडतं. फोन नंबर सगळेच लिहून घेतात. मी पुढे विचारतो, "हा फोन दिवसा कोणाकडे असतो?" बऱ्याचदा तो मुलाचा असतो, मुलगा कामावर, आणि आईपर्यंत निरोप पोचतच नाही. मग आई शेजारणीचा नंबर देतात. "त्यांच्याकडे निरोप ठेवला तर चालेल ना?" हे विचारूनच तो लिहायचा, आणि फोनवर आजाराचं नाव काढायचं नाही.

दुसरं म्हणजे, "काय होतंय?" हा प्रश्न रांगेसमोर विचारू नये. मागे माणसं उभी असली की बायका "डोकं दुखतं" एवढंच सांगतात. आम्ही टेबल भिंतीकडे सरकवलं, रांग चार पावलं मागे घेतली, आणि मग अंगावरून पांढरं जातं, लघवीला जळजळ होते, हे बोलणं सुरू झालं. वाचता येतं का, असं तोंडावर विचारलं की माणूस ओशाळतो. "अक्षर बारीक आहे, वाचून दाखवू का?" म्हटलं की कोणालाच अवघड वाटत नाही.

रक्तदाब मोजताना

मी नर्सिंगची विद्यार्थिनी. शिबिरात घाई असते हे मान्य, पण चालत आलेल्या माणसाचा लगेच रक्तदाब मोजला तर आकडा वर जातो. पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नकोत, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, आणि मोजताना गप्पा नकोत. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून "तुम्हाला बीपी आहे" असं आपण जाहीर करायचं नाही. थांबून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्या दिवशीही बोलवायचं. १८०/१२० च्या पुढे गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधारी किंवा हातापायात एकदम आलेली कमजोरी असेल, तर रांगबिंग काही बघायची नाही. थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

माणसं परत का येत नाहीत, तर "आता नॉर्मल आलं, गोळी बंद केली" म्हणून. मी प्रत्येकाला सांगते, "काका, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलंय. बंद करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा." काका मान हलवतात. मग मी त्यांनाच ते पुन्हा सांगायला लावते.

औषधांच्या खिडकीवरून

दान आलेल्या औषधांवर मी थोडं कडक बोलणार आहे. घरात उरलेल्या अर्ध्या स्ट्रिपा, सुट्या गोळ्या, उघडलेल्या बाटल्या आम्ही घेत नाही. देणाऱ्याचं मन दुखतं, पण ती गोळी उन्हात पडली होती का, ओल लागली का, हे कोणालाच कळणार नाही. एका देशातून दुसऱ्या देशात मदत म्हणून जाणाऱ्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: रुग्णाला देऊन परत आलेली औषधं दान करू नयेत, आणि पोचल्यावर मुदत संपायला किमान वर्षभर शिल्लक असावं. गरीब माणसासाठी वेगळी, कमी प्रतीची कसोटी नसते, हा त्यामागचा विचार मला फार पटतो.

पाकिटावर आम्ही चित्रं काढतो. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, आणि शेजारी जितक्या गोळ्या तितके गोल. जेवणाआधी असेल तर रिकामी ताटली. आजी पाकीट उलटसुलट करून बघतात आणि स्वतःच वाचून दाखवतात. पुढच्या भेटीला रिकामी पाकिटं घेऊन या म्हणायचं. काय घेतलं, काय राहिलं, ते त्यावरून समजतं.

(धागाकर्ती) चित्रांची पाकिटं आम्हीही सुरू करतोय. घरभेटी करणाऱ्यांनी जरूर लिहा.

घरभेटी, क्षयरोग

मी बरीच वर्षं क्षयरोगाच्या रुग्णांकडे जाते. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, सुरुवातीचे दोन महिने चार औषधं. पण थोड्या आठवड्यांतच खोकला उतरतो, ताप जातो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, बरा झालो. नेमकी हीच वेळ अवघड. जंतू अजून शिल्लक असतात आणि मध्येच सोडलं तर आजार उलटतो, औषधांना न जुमानणारा होऊन बसतो. म्हणून खोकला थांबल्यावर माझ्या फेऱ्या वाढतात.

पहिल्या भेटीत एक गोष्ट आवर्जून सांगते: क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. आधी सांगितलं नाही तर दुसऱ्याच दिवशी माणूस रक्त जातंय समजून घाबरतो आणि गोळ्या ठेवून देतो. मात्र डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, तर ते यकृताचं लक्षण असू शकतं, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते, म्हणजे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे कळतं.

संस्थेचं नाव लिहिलेला अॅप्रन घालून मी जात नाही आणि गाडी दारात लावत नाही. एका घरी सून म्हणाली होती, "ताई, तुम्ही आलात की आळीत चर्चा होते." तेव्हापासून भेटायची जागा रुग्णालाच ठरवू देते. कोणी कामाच्या ठिकाणाबाहेर भेटतं, कोणी बहिणीकडे. आणि गेल्या गेल्या गोळ्यांचं विचारत नाही. झोप कशी लागते, कामावर घेतलं का पुन्हा, हे आधी. चुकलेल्या गोळ्या माणूस त्यानंतर आपणहून सांगतो. रागावलं तर लपवतो, सरळ आहे.

जलसंजीवनीचं प्रात्यक्षिक

जलसंजीवनीचं (ओआरएसचं) पाकीट एक लिटरचं असेल तर ते सगळं एकाच वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायचं. थोडी पूड, थोडं पाणी असं केलं की प्रमाण बिघडतं. मी करून दाखवत नाही, आईलाच करायला लावते: तिचंच भांडं, तिचाच हात. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. जुलाबात जस्ताच्या गोळ्याही द्यायच्या असतात, त्या आम्ही सोबतच देतो.

"आम्ही डॉक्टर नाही, आम्हाला काय येणार" असं नवे स्वयंसेवक म्हणतात, तेव्हा मी १९७१ ची गोष्ट सांगते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाइन पुरेना, शिकलेले हात पुरेनात. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं द्रावण नातेवाइकांच्या हाती दिलं आणि त्यांनीच ते रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

दुभाष्याचं काम

थोडक्यात लिहितो. आईचा आजार लहान मुलाकडून वदवून घेऊ नका. मुलाला ते कळत नाही, आणि आई त्याच्यासमोर खरं सांगत नाही. बोलताना डॉक्टरांनी रुग्णाकडे बघावं, माझ्याकडे नाही. रुग्ण म्हणेल तेवढंच मी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

आधी रुग्ण, आता स्वयंसेवक

मला मधुमेह आहे. याच दवाखान्यात उपचार घेतले आणि आता दर आठवड्याला इथेच, पायाला स्पर्श कळतो का ते तपासायच्या टेबलावर बसतो. नायलॉनचा ताठ तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवायचा, १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि डोळे मिटलेल्या माणसाने कळलं की "हो" म्हणायचं. पाच-सहा जागी टेकवूनही काही "हो" येत नाही, तेव्हा मी त्यांना माझा पाय दाखवतो. मलाही अंगठ्याखाली कळत नाही. ते ऐकलं की लोक पुढे सरकून बसतात आणि प्रश्न विचारतात.

रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बुटात पाय घालण्याआधी हात घालून खडा बघा, अनवाणी फिरू नका, हे मी सांगतो. आणि स्वयंसेवकांना माझी विनंती आहे: तळव्याला जखम दिसली, दुखत नसली तरी, तर पुढची तारीख देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवा.