सोसायटीत नवीन कनेक्शन दिल्यापासून नेट जातंय, स्प्लिटरमुळे लाईट कमी होते का?

धायरीकर_बी_विंग
नमस्कार मंडळी. धायरीत राहतो, सोसायटीत लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, दीड वर्ष एकदम मक्खन चाललं. मागच्या शुक्रवारी त्याचा पोरगा येऊन आमच्या विंगमध्ये अजून ३ फ्लॅटना कनेक्शन देऊन गेला आणि तेव्हापासून नेट मधेच जातं, ओएनयूवर (फायबर येते तो घरातला डबा) लाल लाईट लुकलुकते, मग आपोआप परत येतं. राउटरच्या पानावर आरएक्स पॉवर (घरापर्यंत पोचलेली लाईट, उणे आकडा जितका मोठा तितकी ती कमी) आधी -२०.६ होतं (स्क्रीनशॉट काढून ठेवायची उगाच सवय आहे मला), आता -२७.९ दाखवतंय. डक्टमध्ये एक पांढरा डबा आहे, एक वायर आत, आठ बाहेर. केबलवाला म्हणतो, "माणसं वाढली की लाईट वाटली जाणारच ना साहेब." हे खरं आहे का? आणि मग स्पीडला पण आठने भागायचं का? त्या डब्याला ना प्लग ना अडॅप्टर, तो वाटतो तरी कसा?

कोथरूडचे_काका
आधी घरातली वायर बघा. आमच्याकडे शू-रॅक भिंतीला सरकवला आणि फायबर मागे करकचून दुमडली, दोन दिवस नेट नाही, केबलवाल्याला शिव्या घालून झाल्या आणि मग रॅक ओढला तेव्हा कळलं. दुसरं म्हणजे टोकं बघा. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. घाईत कोणी हिरव्यात निळं खुपसलं तर मधे फट राहते आणि पॉवर धपकन पडते.

जॉइंटवाला
काकांचं बरोबर आहे, पण इथे प्रकार वेगळा वाटतोय. केबलवाला एकतर गंडवतोय नाहीतर त्यालाच माहीत नाही. स्प्लिटर, म्हणजे तो पांढरा डबा, माणसं मोजत नाही हो. १:८ मध्ये आलेली लाईट कायम आठ वाटेने जाते, सात पोर्ट मोकळे असले तरी त्यांचा वाटा टोपीत जाऊन मरतो, तुम्हाला काही जास्तीचं मिळत नाही. अख्ख्या विंगमध्ये तुम्ही एकटे असतात तरी तुमच्या वाट्याला एक अष्टमांशच. (आमच्या धंद्यात फायबरमधल्या उजेडाला लाईटच म्हणतात, आणि घरची लाईट गेली तरी ही लाईट जात नाही, कारण स्प्लिटरला वीज लागतच नाही.)

आत काय असतं ते सांगतो. एक काचेची चिप, तिच्यावर केसापेक्षा बारीक वाटा कोरलेल्या. पाटाचं पाणी जसं मधे माती ठेवून दोन सऱ्यांत फोडतात तशी एका वाटेची दोन होते, त्या दोनच्या चार, चारच्या आठ. १:८ ला असे तीन फाटे, १:३२ ला पाच. याला पीएलसी म्हणतात. जुन्या केबल टीव्हीवाल्यांचे जे ७०:३०, ९०:१० कपलर असतात ते वेगळे, तिथे दोन उघड्या फायबर एकमेकींना चिकटवून तापवून ताणतात, गाभे इतके जवळ येतात की एकीतली लाईट झिरपून दुसरीत जाते. किती ताणलं त्यावर कोणाला किती ते ठरतं.

आता हिशोब. दर फाट्याला अर्धी लाईट म्हणजे ३ डीबी (लाईटची घट मोजायचं माप), वर थोडी घट, म्हणून आम्ही १:४ ला ७, १:८ ला साडेदहा, १:१६ ला १४ आणि १:३२ ला १७ च्या आसपास धरतो. ओएलटीतून (केबलवाल्याकडचं मशीन, जिथून लाईट निघते) समजा +३ निघाली, रस्त्यावरच्या बॉक्समध्ये एक १:८ आणि तुमच्या डक्टमध्ये दुसरा १:८ असेल तर २१ तिथेच गेले, ४ किलोमीटर फायबरला १, जॉइंट-कनेक्टरला दीड. उरले -२०.५, तुमचा जुना आकडा अगदी जुळतोय बघा. मग शुक्रवारी ७.३ कुठे गेले? घाण कनेक्टर किंवा दबलेली वायर आकडा कितीही पाडू शकते, हात लावला की तो हलतो पण. बरोब्बर ७ खाणारा प्राणी म्हणजे १:४. नवीन फ्लॅट ३ आणि तुम्ही १, झाले ४. आठही पोर्ट भरले होते म्हणून त्याने तुमच्याच पोर्टवर छोटा स्प्लिटर चढवलाय असा माझा संशय. डक्ट उघडून बघा.

आणि -२७.९ वर लुकलुकतंय कारण नेहमीच्या जीपॉन (स्प्लिटरवाल्या फायबर नेटचा प्रकार) ओएनयूची हद्द -२७ च्या आसपास असते. ओएलटीतून निघालेली लाईट तिथे हजारावा हिस्सा उरते.

स्पीडचा याच्याशी संबंध नाही. -१८ असो की -२५, नेट तेवढंच पळतं, हद्द संपली की एकदम झोपतं. ओएलटीच्या एका जीपॉन पोर्टवर खाली येताना साधारण २.५ जीबीपीएस असतात, ते त्या पोर्टवरची सगळी घरं मिळून वापरतात, ६४ घरांनी एकाच सेकंदाला तोंड उघडलं तर वाट्याला ३९ एमबीपीएस येतील, पण तसं सहसा होत नाही. स्प्लिटर नुसता उजेड वाटतो, त्यामुळे शेजाऱ्याचा डेटापण तुमच्या ओएनयूपर्यंत येतोच, तो सहसा एन्क्रिप्ट असतो आणि ओएनयू फक्त आपला उचलतो. वर जाताना मात्र ओएलटी प्रत्येकाला पाळी देतो, नाहीतर सगळ्यांची लाईट एकाच फायबरमध्ये आपटेल. आणि गंमत म्हणजे वर जाताना फाटे एकत्र होत असले तरी नुकसान तेवढंच, साडेदहा म्हणजे साडेदहा.

वारजे_पूल
मधेच विचारतो, मग मी तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) १:२ स्प्लिटर आणून वरच्या मजल्यावर भावाकडे दुसरा ओएनयू लावला तर?

जॉइंटवाला
लाईट पोचेल, साडेतीन डीबी घालवून. पण ओएनयूचा सिरीयल नंबर ओएलटीत चढवल्याशिवाय तो नुसता दिवे लावून बसेल. वर त्या दुसऱ्या ओएनयूचं डोकं फिरलं आणि त्याने पाळी नसताना लेझर चालू ठेवला तर पोर्टवरची सगळी घरं बसतील, मग केबलवाला तुम्हाला शोधत येईल. साधी लॅन वायर ओढा की राव.

धायरीकर_बी_विंग
जॉइंटवाले दादा, पाय कुठे आहेत तुमचे. वॉचमनकडून किल्ली घेऊन डक्ट उघडला. ५ नंबरच्या पोर्टातून निघालेली वायर काळ्या इन्सुलेशन टेपच्या गोळ्यात गेलेली, टेप सोडली तर आत करंगळीएवढी चकचकीत स्टीलची नळी, एक शेपूट आत, चार बाहेर, त्यातली एक माझी. फोटो काढून केबलवाल्याला पाठवला, "माणसं वाढली" वगैरे काही बोलला नाही, आज दुपारी येऊन १:८ काढून १:१६ बसवून गेला. आता -२४.१. विंगमधल्या जुन्या मंडळींचे पण प्रत्येकी साडेतीन डीबी गेले, त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

जॉइंटवाला
-२४ ला काही होत नाही, निवांत राहा. फक्त राहिलेल्या ५ पोर्टांवर टोप्या आहेत का तेवढं बघून घ्या, धूळ बसली की पुढच्या कनेक्शनवाल्याला त्रास.