म्हाडाची वाट बघू की बदलापूरला घर घेऊन टाकू?

करीरोडची_लेक:
नमस्कार, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. लहानपण करीरोडला चाळीत गेलं, बाबा गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर परत कामावर घेतलंच नाही. आता मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई, चौघं कळव्याला वन आरकेमध्ये भाड्याने. भाडं १४ हजार, दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट, ब्रोकरला परत एक भाडं, आणि ओनर हजार तरी वाढवतोच. पाच वर्षांत तीन घरं झाली. दोघांचे मिळून ६२ हजार येतात. म्हाडाचा फॉर्म तीनदा भरला, नाव नाही. मिस्टर म्हणतात बदलापूरला ३१ लाखात वन बीएचके मिळतोय, घेऊ. माझी नोकरी दादरला. काय करू? आणि बाबांचा गिरणी कामगारांच्या घरासाठीचा फॉर्म आहे, त्याचं काही धरायचं का?

सोडतवाला:
ताई, वर्षाचे साडेसात लाखाच्या आसपास म्हणजे तुम्ही अल्प उत्पन्न गटात, आपल्याकडे ६ ते ९ लाख अशी लिमिट आहे (२०२२ ला बदलली). तुम्ही फक्त मुंबई मंडळाचा फॉर्म भरत असाल, बरेच जण तेच करतात. कोकण मंडळाची सोडत पण बघा, ठाणे, डोंबिवली, विरार सगळं त्यात येतं. आणि २० टक्के योजनेतली घरं सोडू नका, ४००० चौरस मीटर किंवा वरच्या प्लॉटवर बिल्डरला छोटी घरं ठेवावी लागतात ती. एक मात्र बघून ठेवा, पंतप्रधान आवासमधलं घर हवं असेल तर देशात कुठेच पक्कं घर नावावर चालत नाही, मग बदलापूर घेतलं की तो रस्ता बंद. आणि लॉटरी लागली तरी पैसे भरायची मुदत कमी असते, हातात काहीतरी ठेवा, माझ्या मेव्हण्याचं घर तिथेच हुकलं.

भोंगा_बंद:
बाबांच्या फॉर्मवर हिशोब मांडू नका एवढंच सांगतो. मुंबईच्या १९९१ च्या बांधकाम नियमात बंद गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला त्यात ‘मोकळी जमीन’ एवढाच शब्द आला आणि ज्या जमिनीवर शेड उभे होते ती वाटणीतूनच गेली, मग आपल्याला राहिलं काय. अर्ज दीड लाखाच्या वर, आणि आता घरं शेलू, वांगणीला देतो म्हणतात. ज्या माणसाने परळला तीन पाळ्या केल्या त्याने म्हातारपणी कर्जत लाईनला जायचं? २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात लोक यासाठीच बसले होते. वरळीच्या बीडीडी चाळवाल्यांना १६० फुटाच्या खोलीवर ५०० फूट तिथेच मिळालं ना, मग गिरणीवाल्याने काय पाप केलं. असो, विषय भरकटला. फॉर्म रद्द करू नका, वारसाचे कागद तयार ठेवा.

बदलापूरकर_८_वर्षं:
इथे राहतो म्हणून खरं सांगतो, घर स्वस्त आहे, राहणं नाही. फास्ट मिळाली तर दादर सव्वा तास, पण चढायला मिळालं तर ना. शेअर रिक्षा, पास, उन्हाळ्यात टँकर, मेंटेनन्स, हे सगळं हप्त्यात धरा. २५ लाखाच्या लोनला २० वर्षांसाठी साधारण २१-२२ हजार हप्ता बसतो, आत्ताच्या भाड्यापेक्षा ७-८ हजार जास्त. नदीकडची बिल्डिंग असेल तर पावसाळ्यात जाऊन बघा, २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती ती हीच उल्हास नदी. ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेली बिल्डिंग घ्या, जीएसटी लागत नाही. अग्रीमेंट तुमच्या एकटीच्या नावावर केलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट मिळते, मिस्टरांना हे मुद्दाम सांगा 😄
माझं ऐकाल तर आधी ११ महिने इथे भाड्याने राहून बघा, एक पावसाळा काढा.

करीरोडची_लेक:
सगळ्यांचे आभार. भाड्याने राहून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई म्हणतात तिथे मला ओळखणार कोण, इथे निदान समोरच्या काकू आहेत दुपारी बोलायला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. २० टक्के योजनेचा फॉर्म या वेळी भरतेय. भोंगा दादा, वारसाच्या कागदांना काय काय लागतं? बाबांचं गिरणीचं तिकीट (कामगार नंबरचं) सापडलंय ट्रंकेत, भावाने तिकीट जपून ठेवलं होतं.