ट्यूडर दरबारातल्या प्रेमकविता: खरं प्रेम की बढतीचा अर्ज?

निवांत_वाचक: सरळच लिहितो, इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या दरबारातल्या या कवींचं प्रेम मला पटत नाही. वॉल्टर रॅलीचंच बघा. राणी एलिझाबेथला सिंथिया, चंद्रदेवी काय काय म्हणायचं, तिच्यासाठी झुरतोय असं दाखवायचं आणि पदरात काय तर दारूविक्रीच्या परवान्यांचा मक्ता! तिकडे राणीच्याच दासींपैकी बेस थ्रॉकमॉर्टनशी चोरून लग्न. 1592 मध्ये भांडं फुटलं, दोघांची रवानगी टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, तर हा गडी तिथून राणीच्या दरबारातल्या रॉबर्ट सेसिलला पत्र लिहितो की राणी शिकारीच्या देवीसारखी, डायनासारखी शिकारीला जायची ते बघायचो, आता अंधारात एकटा पडलोय. बायको त्याच तुरुंगात आहे रे बाबा!

पुणेरी_सॉनेट: रॅलीपुरतं मान्य, पण म्हणून एलिझाबेथच्या बापाच्या, आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या थॉमस वायटलाही त्याच माळेत ओवणार का? त्याची हरणीच्या शिकारीची कविता वाचा. कल्पना इटालियन कवी पेट्रार्ककडून उचललीय, पण तिथली हरणी पवित्र आहे आणि इथे गळ्यातला पट्टा सांगतो, मी सीझरची म्हणजे राजाची आहे, हात लावू नका. ती म्हणजे हेन्रीची राणी अ‍ॅन बोलिन असा बऱ्याच जणांचा अंदाज आहे, पुरावा नाही. पण मे 1536 मध्ये अ‍ॅन आणि पाच पुरुषांचं डोकं उडवलं तेव्हा वायट टॉवरमध्येच कैदेत होता हे पक्कं. तिथल्या बेल टॉवर नावाच्या बुरुजातून जे दिसलं ते रात्रंदिवस डोक्यातून जात नाही असं त्याने लिहून ठेवलंय. बढतीसाठी असं कोण लिहितं?

चहाबाज: तुम्ही दोघं पुरुषांवरच भांडताय 😀 या कवितांमधल्या बाईला बोलायला मिळतं का कुठे? कवी फिलिप सिडनीची पुतणी मेरी रॉथ, तिने 1621 मध्ये सॉनेटांची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांची, अख्खी माला बाईच्या तोंडी घातली, प्रियकरच फिरतोय इकडेतिकडे. सोबतच्या कादंबरीत आपली बदनामी झाली म्हणून लॉर्ड डेनी भडकला, तिच्यावर घाणेरडी कविता केली, तर हिने त्याचीच यमकं घेऊन ओळीला ओळ परत केली. माझ्या मते या अख्ख्या काळातलं सगळ्यात भारी हजरजबाबीपणा तो.

निवांत_वाचक: रॉथ भारीच, वाद नाही. पण वायटचं दुखणं प्रेमाचं कुठंय? पूर्वी बायका माझ्याकडे यायच्या आता पळतात, हीच रडगाथा. हक्क गेल्याची चिडचिड नुसती. वर कविता हस्तलिखितातून मित्रमंडळीत फिरवायच्या, म्हणजे वाहवा पुरुषांचीच.

पुणेरी_सॉनेट: अरे मग तुझा अर्जाचा मुद्दाच गेला की! वायट 1542 ला वारला, टॉटेल नावाच्या प्रकाशकाच्या संग्रहात कविता छापून आल्या 1557 ला, तेही त्याचं खडबडीत वृत्त घासूनपुसून. हेन्रीकडून काही हवं होतं तर सीझरच्या हरणीची कविता त्याच्याच दरबारात फिरू देणं म्हणजे स्वतःची मान पुढे करणं झालं. चिडचिड म्हण हवं तर, अर्ज नको म्हणू.