नागपूर ते टोरांटो: अंतर किती, तास किती?

आर्णीकर: आईबाबा डिसेंबरात टोरांटोला निघताहेत, दोघंच. एक एजंट दोहावरून जा म्हणतो, दुसरा मुंबईवरून, तिसरा दिल्लीवरून. नकाशात दोहा अगदी वाटेवर दिसतं, मग दिल्ली काऊन? आणि रात्री २ चं विमान सकाळी ७ ला पोचतं असं तिकिटावर आहे. हे कसं?

पांढरकवडा_४४: भाऊ, सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किमी. भिंतीवरच्या नकाशावर जाऊ नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. नागपूरहून तो पश्चिमेला जातच नाही, जवळजवळ उत्तरेला निघतो आणि रशिया, ग्रीनलंडवरून कॅनडात उतरतो. म्हणून दिल्ली खरोखर वाटेवर आहे: ८५५ अधिक ११,६४०, म्हणजे फेरा जवळपास नाहीच. मुंबईवरून १३,१७५ च्या आसपास, दोहावरून १३,७२०. अर्थात विमान नेमकं त्या रेषेवरून उडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा वळसा वाढला आणि काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. तिकीट काढताना 'नॉनस्टॉप' आहे का ते बघाच.

वर्धेचा_वाटाड्या: वेळेचं सांगतो. दिल्लीहून रात्री २ ला उड्डाण, साडेपंधरा तास धरा, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे ५:३०. डिसेंबरात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणून तिथे त्याच तारखेची सकाळ ७. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊच असतो. परतीला वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो, पण तारीख एकाने पुढे जाते. घ्यायला येणाऱ्यांना तारीख स्पष्ट लिहून द्या, गोंधळ तिथेच होतो.

आर्णीकर: आणि आर्णीच्या घरून केव्हा निघायचं?

वर्धेचा_वाटाड्या: सकाळी ८ ला. यवतमाळ-वर्धामार्गे नागपूरला चार तास पुरतात, पण साडेचार धरा. दुपारी ३ च्या सुमाराचं दिल्लीचं विमान घ्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं रात्री उशिरा ते सकाळपर्यंत दाटतं, दुपारी सहसा मोकळं असतं. घरापासून टोरांटोपर्यंत साडेतेहतीस तास होतात. खूप वाटतील, पण दिल्लीतली ती मोकळी वेळ कापू नका.

पांढरकवडा_४४: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवरच, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. वेगळी तिकिटं असली आणि नागपूरचं विमान लटकलं, तर पुढचं तिकीट बुडतं. शिवाय दिल्लीत बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. देशी विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल ३ ला रस्त्याने जावं लागतं, वयस्कर माणसांना ते जड जातं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लावतील, त्यावर शेवटचं ठिकाण वाय-वाय-झेड (टोरांटो विमानतळाचा कोड) आहे का ते वाचायला सांगा. डी-ई-एल, म्हणजे दिल्ली दिसलं, तर बॅग हलायच्या आत तिथेच विचारायचं.