शब्दचर्चा : खुली, मुक्त की अर्धबंदिस्त?

हरिपूरकर (सांगली) :
गावच्या वाचनालयात मुलांसाठी दोन टॅबलेट आलेत. एक अँड्रॉइडचा, दुसरा एका माहेरवाशिणीनं भेट दिलेला आयपॅड. शेजारी माहितीचा कागद हवा म्हणून, ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मी लिहिलं, 'अँड्रॉइड ही मुक्त प्रणाली आहे, आयपॅडची प्रणाली बंद आहे.' संध्याकाळपर्यंत दोघं विचारून गेले, आयपॅड बंद पडलाय तर दुरुस्तीला का टाकत नाही? तिसऱ्यानं 'मुक्त'चं 'मुफ्त' वाचलं आणि अँड्रॉइडवाला पिशवीत घालायला निघाला. कागद काढून ठेवलाय. शब्द सुचवा.

संगममाहुली (सातारा) :
'बंद' नकोच. मराठीत यंत्र बंद असतं म्हणजे ते चालत नसतं. 'बंदिस्त' लिहा.

'मुक्त' संस्कृत 'मुच्' धातूतून आलेला, 'मुफ्त' फारसी, त्याचंच आपलं 'मोफत'. दोघांचं नातं काही नाही, नुसता कानाला भास. खरं तर इथं मराठी सुखी आहे. कुणीही पाहावं, बदलावं अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'फ्री' म्हणत, आणि 'फ्री' म्हणजे स्वतंत्रही आणि फुकटही. त्या घोळातून सुटायला म्हणून १९९८ मध्ये काहींनी 'ओपन सोर्स' हा शब्द पुढं आणला. 'फ्री सॉफ्टवेअर' चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन मात्र 'फ्री'लाच धरून राहिले आणि अर्थ समजावत बसले. आपल्याला ती कसरत नाही, पिशवीवाला सोडला तर.

(कागदावर 'ओपन सोर्स'साठी 'मुक्तस्रोत' आलाच तर 'स्रोत' लिहा, 'स्त्रोत' नव्हे. धातू 'स्रु', म्हणजे वाहणे. मधला 'त' आगंतुक आहे.)

हरिपूरकर :
मग 'मुक्त' ठेवू की 'खुली'? नाशिकचं विद्यापीठ 'मुक्त', पण अर्जावर 'खुला प्रवर्ग'. इंग्रजीत दोन्हीकडं ओपनच. 'मोकळी'चाही विचार केला.

संगममाहुली :
'मोकळा' हा 'मुक्त'चाच प्राकृतातून आलेला भाऊ, पण मोकळा डबा म्हणजे रिकामा डबा. 'उघडी' तर विचारूच नका.

खुलं म्हणजे दार उघडं आहे, या. मुक्त म्हणजे बंधनच उरलेलं नाही. तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, संस्थानी काळात औंधच्या राजांनी वसवलेली कैद्यांची वसाहत. उंच भिंती नाहीत, कैदी शेती करतात, बायकापोरांसह राहतात. तिला 'खुली वसाहत' म्हणतात. तिला 'मुक्त' म्हणवत नाही, कारण शिक्षा संपलेली नसते.

अँड्रॉइडचं मला तसंच दिसतं. मूळ अँड्रॉइडचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा. त्यातला बराचसा अपाची या मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली आहे आणि गाभा लिनक्स या खुल्या प्रणालीचा. पण दुकानातून आणलेल्या फोनात प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस (अ‍ॅप्सना आतून लागणाऱ्या सेवा) असतात. त्या गूगलच्या, त्यांचा कोड बाहेर येत नाही, आणि त्यांच्यावाचून कितीतरी अ‍ॅप्स लंगडी पडतात. २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांनंतर हुआवे या चिनी फोन-कंपनीला अँड्रॉइडचा खुला कोड घेता येत होता, प्ले स्टोअर मात्र नव्या फोनांत घालता येईना. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, तोही अँड्रॉइडभोवतीच्या असल्याच अटींवरून. तेव्हा 'खुली' लिहा, 'मुक्त' नको.

माणदेशी :
पाव्हणं, एवढं लांब कशाला जाताय? शेळीपालनात हे शब्द कवाच ठरल्यात. मुक्त, बंदिस्त, अर्धबंदिस्त. मुक्त म्हंजी शेरडं रानात सोडायची. बंदिस्त म्हंजी गोठ्यातच चारा, गोठ्यातच पाणी. अर्धबंदिस्त म्हंजी दिवसा थोडा वेळ चरायला, बाकी गोठ्यात.

आयपॅड बंदिस्त. अ‍ॅप स्टोअरमधनं मालकानं निवडून टाकलेला चाराच खायचा. रोगराई कमी, ते कबूल. अँड्रॉइड अर्धबंदिस्त. प्ले स्टोअरचा गोठा हाय, पण सेटिंगमधनं परवानगी दिली की बाहेरची एपीके (अ‍ॅप बसवायची) फाइलबी चालती. मग भलता पाला खाल्ला तर पोट फुगणार, ते बघणाऱ्यानं बघायचं. आन् ज्यानं बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडून लिनिएज, म्हंजी अँड्रॉइडच्या खुल्या कोडावरची दुसरी सिस्टिम, टाकलं आन् गूगलचं काही घातलंच न्हाई, ते शेरडू मुक्त. पण माझ्या भाच्यानं असलंच करताना एक फोन कायमचा झोपवलाय, हेबी लिहा कागदावर.

संगममाहुली :
'अर्धबंदिस्त'! दादा, मानलं. माझा 'खुली' मागं घेतो. खुलं म्हटलं की वाचणारा सगळंच खुलं धरून चालतो, 'अर्ध' त्याला थांबवतो.

फक्त तुमच्या बंदिस्त गोठ्यालाही फटी आहेत. युरोपीय संघात कायद्यामुळं मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी अ‍ॅप-दुकानं येऊ लागली, पुढं आयपॅडवरही. आणि आयपॅडच्या प्रणालीच्या तळाशी असलेल्या डार्विन नावाच्या गाभ्याचा बराच कोड अ‍ॅपल स्वतःच प्रसिद्ध करतं. गोठा बंदिस्त, पण त्याच्या पायाचा नकाशा चावडीवर.

हरिपूरकर :
कागद लागला. अँड्रॉइडपुढं 'अर्धबंदिस्त', आयपॅडपुढं 'बंदिस्त'. शेळ्यांचा शब्द म्हणून हसतील असं वाटलं होतं, पण निम्म्या घरांत शेळ्या आहेत, कुणी अर्थ विचारायला आलं नाही.

एक बदल मात्र करावा लागला. सातवीत प्रणाली नावाची मुलगी आहे. 'बंदिस्त प्रणाली' वाचून पोरांनी तिला दिवसभर पिडलं. ग्रंथपालबाईंनी 'प्रणाली' खोडून वर 'सिस्टिम' लिहिलंय.