‘अनय’ हे नाव मी बाळाच्या कानात सांगणार नाही

उदगीरची आत्या

भावाला मुलगा झालाय, रविवारी बारसं आहे. पाळण्यावरून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं की कानात कुर्र करून नाव आत्यानं सांगायचं असतं. म्हणजे मी. त्यामुळं या विषयात बोलायचा मला हक्क आहे, असं मी धरून चालते.

भाऊ-भावजयीला ‘आजूबाजूला कुणाचंच नाही’ असं नाव हवंय. मोबाइलवर शोधून तीन काढली: आरव, रेयांश, अनय. पुढं अर्थही दिलेत. आरव म्हणजे शांत, रेयांश म्हणजे सूर्यकिरण, अनय म्हणजे ज्याच्यापेक्षा मोठं कुणी नाही. मी संस्कृतचा कोश घेऊन बसले. आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा; शांतच्या बरोबर उलट. नय म्हणजे नीती, वागायची रीत, आणि अनय म्हणजे ती नसणं: अनीती, दुर्दैव. किरणाला रश्मी, अंशू, मरीची, गभस्ती असे किती शब्द आहेत, त्यात रेय कुठं नाही. आणि अंश म्हणजे भाग. किरण तो अंशू.

ज्यानं ही यादी टाकली त्यानं कोश उघडलेला नाही. आणि लेकराला हे नाव जन्मभर वागवायचंय.

वेगळंच हवं तर आपल्याकडं काय कमी आहे? देवगिरीच्या यादवांत भिल्लम, जैतुगी, सिंघण. पैठणच्या सातवाहनांत हाल, ज्याच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे. नामदेवांच्या घरात तर बघा: आई गोणाई, बायको राजाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. साखराई! एकदा मोठ्यानं म्हणून बघा. तोंडात गोडवा येतो.

मी ‘सोपान’ सुचवलं. ज्ञानेश्वरांचा धाकटा भाऊ, त्यांचं आपेगाव आपल्या पैठणजवळच. अर्थ जिना, पायऱ्या. भाऊ म्हणाला, शाळेत पोरं ‘सोप्या’ म्हणतील. मग बोलणं तिथंच थांबलं. तुम्हाला काय वाटतं?

बीडची आई

ताई, तुम्ही जुन्या नावांतली गोड तेवढी वेचलीत. माझ्या आजीचं नाव दगडाबाई. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती, म्हणून हिला दगड म्हटलं, म्हणजे काळाची नजर पडू नये. धोंडू, केरबा, कचरू, भिकू ही नावं अशीच आलीत. आणि तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली नकुशी नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलावी लागली. त्या मुलींना आपल्या नावाचा अर्थ कोश न बघता कळत होता.

आजी शेवटपर्यंत पोस्टात, बँकेत नाव सांगताना आवाज खाली आणायची. मी शेजारी उभी असायचे. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या मुलीचं नाव असं ठेवायचं ज्याला मागचं काहीही चिकटलेलं नसेल. मी त्विषा ठेवलं. तेही यादीतूनच घेतलं. नवीन नाव म्हणजे थिल्लरपणा, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

परभणीचे गुरुजी

पहिलीला शिकवतो. यंदा माझ्या वर्गात तीन आरव आहेत. आरव म्हणून हाक मारली की तीन माना वळतात, म्हणून आता आरव मोठा, आरव चष्मा, आरव पाथरीचा असं चाललंय. भावाला सांगा, ‘कुणाचंच नाही’ हे कारण आरवपुरतं तरी बाद झालं.

बीडच्या ताई, त्विषा शब्द अस्सल आहे, अर्थ तेज. पण दाखल्यावर ट्विशा झालं नाही ना, ते एकदा तपासा. माझ्याकडच्या एका मुलीचं झालंय, दुरुस्तीसाठी बाप चार महिने खेटे घालतोय.

बीडची आई

झालंय. आणि सासूबाई तुशी म्हणतात. तरी चालेल.

सेलूहून

रविवारची घाई कशाला? बारसं कानात होतं, नोंद कागदावर. नाव न देताही जन्म नोंदवता येतो आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं. मात्र ठरवताना पूर्ण नाव म्हणून बघा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर बाळ, आई, वडील, आडनाव असं लिहायचंय. आईच्या नावाशेजारी ते कसं वाजतं, हे आधी कुणी बघत नव्हतं. पैठणचे राजे बघत होते: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी.

मिलिंद कॉलेजचा जुना विद्यार्थी, संभाजीनगर

आत्याबाई, ‘आपल्याकडं’ हा शब्द तुम्ही सहज लिहिलात. त्यात आमचं घर येतं का?

आमच्या पणजोबांच्या पिढीत चांगलं नाव ठेवलं तर गावच हसायचं. नाव असायचंच असं की हाक मारताना समोरच्याला मान द्यावा लागू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि नंतरच्या पाळण्यांत राहुल, सिद्धार्थ, विशाखा, यशोधरा आले. माझ्या आईचं नाव सुजाता. सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता. पण शब्द फोडून बघा: सु-जाता, चांगल्या जन्माची. ज्यांना जन्मावरूनच गावाबाहेर ठेवलं होतं, त्या घरात आजोबांनी पोरीला हे नाव दिलं. ते चौथी शिकलेले होते. अर्थ माहीत होता म्हणूनच दिलं.

आता मिलिंद. बाबासाहेबांनी 1950 मध्ये इथं काढलेल्या कॉलेजला पुढं हेच नाव मिळालं. मिलिंद म्हणजे पाली ग्रंथातला यवन राजा, मिनँडर. मूळ नाव ग्रीक! आज ते पुरं मराठी झालंय. तेव्हा नाव आपल्या मातीतलंच हवं, हा आग्रह मला मान्य नाही. ते कुणी आणि कशासाठी दिलं, ते मी बघतो. याच शहरातल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून लोकांची घरं जळाली, माणसं मेली. 1978 चा ठराव, 1994 ला नामविस्तार. नावाला काय एवढं, असं आम्हाला कुणी सांगू नये.

पण अर्थ तपासा, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आजोबांनी तेच केलं होतं.

गंगाखेडचा शेतकरी

आमच्या गावात पिराजी हाय, फकिरराव हाय, दोघंबी हिंदू. पिराला नवस केला, पोरगं झालं, नाव ठेवलं. वेरूळच्या मालोजीराजांनी शाह शरीफ पिराच्या नावावरून पोरांची नावं शहाजी अन् शरीफजी ठेवली, असं जुने लोक सांगत्यात. दौलत, गुलाब, हैबती हे शब्द फारशी-अरबीतून आले, पण सातबारा बघा, सगळे आपलेच मानसं हायत. कुठून आलं ते इचारू नका, कुणासाठी मागितलं ते इचारा. आमच्या जनाबाईनं सोताला ‘नामयाची दासी’ म्हणवून घेतलं, तेवढ्यात तिचं सगळं आलं.

लातूरहून

अनय हे राधेच्या नवऱ्याचंही नाव आहे, गौळणींत येतं. भावाच्या बाजूनं एवढं तरी लिहून ठेवतो.

उदगीरची आत्या

गौळणीतला अनय मला आठवला नव्हता, खरं आहे. पण तो आठवूनही बाळाचं भलं होईल असं वाटत नाही. त्या गौळणींत त्याची बायको त्याच्याजवळ नसतेच.

संभाजीनगरच्या दादांचं उत्तर मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. ‘आपल्याकडं’ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं माझंच घर होतं, हे मान्य. सुजाताचा अर्थ मला माहीत होता, तो त्या घरात काय सांगत होता ते माहीत नव्हतं. बीडच्या ताईंच्या आजीबद्दल वाचून आमची आई बराच वेळ बोलली नाही. तिच्या मोठ्या बहिणीचं नाव धोंडाबाई होतं. इतकी वर्षं आम्हाला ती नुसती ‘मोठी मावशी’.

मग भावाला पहिल्यांदाच विचारलं, तुला नावातून नेमकं हवंय काय? तो म्हणाला, बाळ पहाटे साडेचारला झालं, ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी एकटा होतो, तेवढं त्या नावात यावं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी परत कोश उघडला. विहान: पहाट. हेही यादीतलंच नाव, पण याचा अर्थ खरा निघाला. गुरुजी, तुमच्या वर्गात विहान किती आहेत?

परभणीचे गुरुजी

दोन. सोपान एकही नाही.

उदगीरची आत्या

दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहून भावजयीच्या उशाशी ठेवलीत. घुगऱ्यांचे हरभरे उद्या भिजत घालायचेत. ती जे म्हणेल ते मी सांगेन. अनय मात्र नाही.