सिंगर गेल्यावर त्याचंच गाणं पहिलं सिंगल म्हणून काढावं का? ('सेरेमनी' ऐकून पडलेला प्रश्न)

अक्कलकोटरोड_बेस
आमचा बँड सोलापुरातलाच, पोस्ट-पंक (पंकनंतर आलेला रॉकचा प्रकार) वाजवतो, इथं असलं ऐकणारे कमी आहेत पण आहेत. आमचा सिंगर गेल्या पावसाळ्यात ॲक्सिडेंटमध्ये गेला. घरी तेलुगू बोलायचा आणि गाणी मराठीत लिहायचा, तीपण आपल्या बोलीत, 'काय करालास बे' वगैरे सगळं तसंच ठेवून. त्याची शेवटची दोन गाणी फक्त मोबाइलमध्ये आहेत आणि प्रॅक्टिसच्या खोलीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना, त्यामुळं सगळ्या रेकॉर्डिंगभर मागं माग खडखडतायत, शब्द निम्मेच कळतात. ड्रमर म्हणतो आता काढायचं तर हेच काढू, गिटारवाला म्हणतो त्याच्या गाण्याला कुणी हात लावायचा नाही. इंग्लंडच्या जॉय डिव्हिजन बँडचा सिंगर इयान कर्टिस गेल्यावर बाकीच्यांनी न्यू ऑर्डर या नावानं त्याचंच 'सेरेमनी' काढलं, तेव्हा नेमकं काय केलं होतं ते कुणी नीट सांगेल का, आणि आमच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

पार्कचौक
वाचून लई वाईट वाटलं भावा.

कर्टिस १८ मे १९८० ला गेला, वय २३, जॉय डिव्हिजनचा अमेरिका दौरा सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी. एक जण जरी गेला तरी जॉय डिव्हिजन हे नाव पुढं वापरायचं नाही असं त्यांचं आधीच ठरलेलं, ते त्यांनी पाळलं. जुलैअखेर मँचेस्टरच्या बीच क्लबात तिघंच स्टेजवर चढले. तेव्हा गाणार कोण हेसुद्धा ठरलेलं नव्हतं, सम्नर (गिटार), हुक (बेस) आणि मॉरिस (ड्रम्स) तिघंही गाऊन बघत होते. सप्टेंबरात अमेरिकेला गेले तर न्यूयॉर्कात सगळं सामान चोरीला गेलं, आणि त्याच फेरीत न्यू जर्सीत प्रोड्युसर मार्टिन हॅनेटबरोबर 'सेरेमनी' आणि 'इन अ लोन्ली प्लेस' रेकॉर्ड केली. दोन्ही जॉय डिव्हिजनच्या अगदी शेवटच्या दिवसांतली, शब्द कर्टिसचेच. १९८१ च्या सुरुवातीला फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीनं 'सेरेमनी' सिंगल म्हणून काढलं, ब्रिटनच्या चार्टवर ३४ व्या नंबरपर्यंत गेलं.

आता तुझ्या कामाची गोष्ट. त्यांच्याकडंपण धड रेकॉर्डिंग नव्हतं! २ मे १९८० चा बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतला शेवटचा कार्यक्रम 'स्टिल' अल्बमवर आहे, त्यात 'सेरेमनी' ऐक, कर्टिसचा आवाज बराच वेळ वाद्यांखाली दबलेला आहे. सम्नरनं टेप ग्राफिक इक्वलायझरमधून (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमीजास्त करायचं यंत्र) काढून शब्द उतरवून घेतले. तुमच्यासारखंच झालं की हे.

बाळीवेस_१२
माझं मत गिटारवाल्यासारखं. सम्नरचा आवाज त्या गाण्यात मला अजून पोरका वाटतो, कर्टिसचा खर्ज कुठं आणि हा कुठं. तुम्ही नवीन गाणं लिहा, त्याचं रेकॉर्डिंग आहे तसं जपून ठेवा, लूमच्या आवाजासकट.

पार्कचौक
पोरका वाटतो म्हणूनच ते गाणं खरं आहे रे. सम्नरनं कर्टिसची नक्कल केली असती तर ऐकवलं नसतं. तो आपल्या पातळ, बिचकत्या आवाजात गातो आणि हुकचा बेस वरच्या पट्टीत सगळी चाल उचलून धरतो, म्हणजे गाणारा कमी पडतोय तिथं बाकीचे पुढं सरकतात. आणि ते एकदाच गाऊन थांबले नाहीत, ऑक्टोबर १९८० मध्ये कीबोर्ड-गिटार वाजवणारी जिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली, मग १९८१ मध्ये तिला घेऊन परत रेकॉर्ड केलं. १९८७ च्या 'सबस्टन्स' या त्यांच्या सिंगल्सच्या संग्रहावर हेच दुसरं व्हर्जन आहे. दोन्ही लागोपाठ ऐक, पहिल्यात तिघं अजून चाचपडतायत, दुसऱ्यात हात बसलाय. जपून ठेवायचं म्हणून 'सेरेमनी' पेटीत ठेवलं असतं तर आज आपण त्यावर बोलत बसलो असतो का? माझं ऐकशील तर गा. जो गाईल त्यानं स्वतःच्या आवाजात गा, पट्टी उतरवावी लागली तर बिनधास्त उतरवा.

होटगीरोड_साउंड
साउंडचं काम करतो म्हणून तेवढंच सांगतो. मूळ फाइलला अजिबात हात लावू नकोस, दोन ठिकाणी कॉपी ठेव, व्हॉट्सॲपवरून पाठवू नकोस, क्वालिटी मरते, पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग एका कॉपीवर १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, मागाची घरघर बरीच तिथं असते. खटखट जाणार नाही, ती आवाजाच्याच रेंजमध्ये बसते, पण २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं उचललंस की व्यंजनं सुटी ऐकू येतील. हेडफोन लावून एकेक ओळ लूपवर टाका, प्रत्येकानं वेगवेगळं लिहा आणि मगच जुळवून बघा, एकत्र बसून ऐकलं की पहिल्यानं जे म्हटलं तेच सगळ्यांना ऐकू येतं. त्याच्या घरी तेलुगू म्हणालास ना, मग एखादा शब्द तेलुगूपण असेल, घरच्यांना ऐकवा.

अक्कलकोटरोड_बेस
हे डोक्यातच आलं नव्हतं. एका ओळीत आम्हाला कुणालाच न कळणारा एक शब्द आहे, तो आम्ही मागाचाच आवाज धरून चाललेलो. त्याच्या आईला विचारतो. गिटारवाल्यालापण हा धागा दाखवलाय, तो म्हणतोय आधी शब्द तरी पूर्ण उतरवू.

बाळीवेस_१२
बरोबर म्हणतोय तो. आणि आईकडं जाणारच आहात तर रिलीजचंपण तेव्हाच विचारा, शब्दांचा कॉपीराइट आता त्याच्या वारसांकडं आहे, आपल्याकडं लेखक गेल्यावर पुढं ६० वर्षं राहतो. दोन ओळींची का होईना लेखी परवानगी घ्या आणि गीतकार म्हणून नाव फक्त त्याचंच टाका, तुम्ही एखादा शब्द अंदाजानं भरला असला तरी.